पंपाचा आठवडा

पिठाच्या गिरणीचं शटर संपायच्या आत मी ताठ उभा राहिलो. माझ्या सगळ्या दुखण्याची मूळ हकिकत एवढीच आहे. पुढे लोकांना सांगताना मी तिच्यात थोडीफार भर घातली, सासुरवाडीला सांगताना तर एक उधळलेला बैलही घातला. पण बायको शेजारी बसलेली असली की मला निमूट शटरवर यावं लागतं.

दुपारी गिरणीवाला शटर अर्ध्यावर ओढून आत जेवायला बसतो, हे आमच्या घाटकोपरात सगळ्यांना ठाऊक. मलाही होतं. मी रीतसर वाकून आत गेलो, दळणाचा डबा उचलला, पुन्हा रीतसर वाकलो, आणि पीठ सांडू नये म्हणून सगळं लक्ष डब्याकडे ठेवून एक पाऊल आधीच उठलो. शटरची लोखंडी पट्टी टाळूवर अशी बसली की क्षणभर सगळं पांढरं झालं. भानावर आलो तेव्हा मी रस्त्यात फतकल मारून बसलो होतो आणि डबा मांडीवर होता. चिमूटभरसुद्धा पीठ सांडलेलं नव्हतं. गिरणीवाला अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "साहेब पडले, पण डबा काय सोडला नाय." माझ्या एकाग्रतेचं कौतुक त्यानंतर बरेच महिने कुणी केलं नाही.

रक्त नाही, टाका नाही. एक टेंगूळ आलं, तेही चार दिवसांत बसलं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. पण डोकं दुखायचं थांबेना, ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायला लागली, आणि आठवड्याभरात मी एकदा बुटात पावडर टाकायची ती चहात टाकता टाकता राहिलो. तेव्हा बायको मला धरून आमच्या स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एका पायावर उभं केलं, मग शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी इथवर मी छान गेलो. तेवढ्यात त्यांच्या भिंतीवरची पाल कॅलेंडरच्या मागे गेली, आणि ती दुसऱ्या बाजूने कधी बाहेर येते याची मी वाट बघत बसलो.

"मुका मार आहे," डॉक्टर बायकोला म्हणाले. माझ्याशी बोलून उपयोग नाही हे त्यांनी तेवढ्यात ओळखलं होतं. "मेंदू हादरलाय. बाहेरून काही दिसायचं नाही. डोकं दुखेल, उजेड नको होईल, आवाज नको होईल, आणि लक्ष लागायचं नाही. जाईल हळूहळू."

"किती दिवसांत?"

"काहींचं दोन आठवड्यांत जातं. काहींना महिने लागतात. जबरदस्ती करायची नाही. दमले की थांबायचं. आणि एका वेळी एकच काम."

हे शेवटचं वाक्य बायकोने घरी आणलं आणि भिंतीत खिळा ठोकावा तसं ठोकून टाकलं.

मुक्या माराची एक मोठी पंचाईत असते. हात मोडला असता तर लोकांनी प्लॅस्टर बघून हळहळ तरी केली असती. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. नातेवाईक यायचे, बाजारात कलिंगड पारखतात तसं माझं डोकं चारी बाजूंनी बघायचे, आणि "दिसायला तर बरे दिसताय," असं जरा तक्रारीच्या सुरात म्हणून चहा पिऊन जायचे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने तिखट. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "एक्स-रेमध्ये डोक्यात काहीच निघालं नाही म्हणे? मग तुम्हाला काळजीचं कारण नाही."

लोकांना वाटायचं, मला विसरायला होतं. तसं नव्हतं. मला सगळं आठवत होतं, अगदी शाळेतले हजेरीचे नंबरसुद्धा. पण लक्ष जुन्या ट्रान्झिस्टरसारखं झालं होतं. स्टेशन लागायचं, दोन वाक्यं स्वच्छ ऐकू यायची, आणि मग खरखर. दोन माणसं एकदम बोलायला लागली की मला दोघांचंही काही कळायचं नाही. पेपरातली एकच ओळ मी चारदा वाचायचो आणि चारही वेळा ती मला नवी वाटायची. गच्चीवरचे कपडे काढून आणायला गेलो, तर घडी घालून, नीट, दुसऱ्यांचे आणले.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण होता. पंगतीला मला मीठ वाढायला दिलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत गेलो, वळलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला एका आजोबांनी पानावर हात आडवा धरला. "बाबा रे," ते म्हणाले, "मीठ पोचलं. आता त्याला लावायला थोडा भात दे."

घरी मात्र कडक अंमल होता. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला तर ही नोकरीच लागली. "बाबा, तुम्ही चहा पण पिताय आणि पेपर पण वाचताय! एका वेळी एकच!" की एक तर कप जायचा, नाही तर पेपर. मी जेवत असताना बायको माझ्याशी बोलायची नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि भाजी कशी झालीय हे न विचारता मला वाढलं जातंय असं पहिल्यांदाच घडत होतं. भाजी कशी होती ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझी नोकरी लक्ष देण्याचीच होती.

मी अंधेरीला एका औषधाच्या कंपनीत इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासायचो. एक दिवा, त्याच्यामागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पुठ्ठा. कुपी मानेला धरायची, उलटी करायची, हलकी टिचकी मारायची आणि दिव्यापुढे बघायची. काळ्यावर पांढरा धागा दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. सगळ्यात लबाड म्हणजे काचेचा कण. तो एकदाच चमकतो आणि गुपचूप तळाला जाऊन बसतो. त्या एका क्षणी तुम्ही तिथे असायला हवं. डोळे तिथे आणि मन घाटकोपरला, असं चालत नाही. मग ती कुपी पुढे जाते, पेटीत बसते, आणि कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी दंडापर्यंत पोचते.

आमचेही कुणी तरी तपासनीस होतेच. आमचे साहेब अधूनमधून चांगल्या कुप्यांच्या ट्रेमध्ये मुद्दाम वाईट कुप्या मिसळून द्यायचे. त्यांच्या बुडाला त्यांनाच समजेल अशी खूण असायची. त्याला आम्ही परीक्षेचा ट्रे म्हणायचो. एकदा मी साहेबांनी मिसळलेल्या सगळ्या शोधल्या आणि वर एक जास्तच काढून दिली. साहेबांनी ती तीनदा दिव्यापुढे धरली आणि मग चष्मा पुसला. ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली होती की मुलगी चष्मा पुसायची नक्कल करायची.

तर अठरा वर्षांच्या त्या खुर्चीवर मी परत बसणार की नाही, हा प्रश्न होता. सहा आठवड्यांची रजा संपत आली होती. रजेनंतरच्या सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं, त्यांनी कागदावर सही केली की त्याच दिवशी दिव्यापुढे जायचं. आणि सही मिळणार हे मला माहीत होतं. रक्तदाब उत्तम, एक्स-रे स्वच्छ, रंग तर रजेमुळे उजळलेला. तोंड बंद ठेवलं की काम फत्ते.

"तुम्हाला वाटतंय तुम्हाला जमेल?" बायकोने विचारलं.

"न जमायला काय झालं? आता बरंच बरं आहे."

"आणि एखादा काचेचा कण सुटला तर?"

"अठरा वर्षांत सोडलेला नाही."

"तेव्हा तुम्ही शटरखालून गेला नव्हतात."

मी रागावून बाल्कनीत जाऊन बसलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एकदा त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की आपल्याला आयुष्यभर खोकी चिकटवायला लावतील, असं मला वाटायचं. माणसाला आपल्याबद्दल एखादीच चांगली गोष्ट ठाम माहीत असते. माझी ती होती.

तेवढ्यात आमचा पंपाचा आठवडा आला.

आमच्या बिल्डिंगला चार मजले, मजल्यावर चार घरं. पहाटे पाचला महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत यायचं. ते पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, म्हणजे सोळा घरांच्या नळांना पाणी. साडेपाचला पंप चालू, चाळीस मिनिटांनी बंद. उशीर केला तर वरची टाकी वाहते, आणि त्याहून उशीर केला तर खालची कोरडी पडून पंप जळतो. पगारी माणूस ठेवणं सोसायटीला परवडायचं नाही, म्हणून प्रत्येक घराकडे एक आठवडा. पंपाच्या खोलीची किल्ली हरवू नये म्हणून तिला तुटक्या लाटण्याचा अर्धा तुकडा बांधलेला होता. दर शनिवारी दुपारी ते अर्धं लाटणं पुढच्या घराच्या खिळ्यावर जायचं.

त्या शनिवारी सेक्रेटरी लाटणं हातात घेऊनच दारात उभे राहिले. देईनात.

"तुमचा नंबर या वेळी वगळू या," ते म्हणाले. "पुढच्यांना सांगतो. तुम्ही बरे व्हा."

"मी बरा आहे."

"अहो, गेल्या आठवड्यात तुम्ही माझ्या दारात येऊन माझीच बेल वाजवलीत आणि मलाच विचारलंत, कोण पाहिजे म्हणून."

"ती वेगळी गोष्ट आहे," मी म्हणालो आणि लाटणं त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

दार लावून मी बायकोपुढे उभा राहिलो. मला अचानक एक फार हुशारीची कल्पना सुचली होती. "हे बघ," मी म्हणालो, "रविवार ते शनिवार, सात दिवस. एकदाही टाकी वाहिली नाही आणि पंप कोरडा चालला नाही, तर मी बरा झालो असं समजायचं आणि सोमवारी मी दिव्यापुढे बसणार. आणि चुकलो, तर मी स्वतः डॉक्टरांना सांगेन की अजून जमत नाही. कबूल?"

"कबूल," बायको म्हणाली.

ती इतक्या लवकर कधी कबूल होत नाही. दुसरा कुणी असता तर तिथेच सावध झाला असता.

रविवारी मी गजर लावून सव्वापाचलाच खाली जाऊन बसलो. पंपाच्या खोलीपुढे एक लाकडी स्टूल होतं. मांडीवर गजराचं घड्याळ, डोळे काट्यावर, एका वेळी एकच काम. चाळीसाव्या मिनिटाला मी पंपाच्या स्विचची लाल दांडी अशी खाली ओढली की जणू धरणाचा दरवाजा बंद करतोय. वर येऊन बायकोला म्हटलं, "एक."

सोमवारी बसल्या बसल्या माझी नजर पंपाच्या खोलीवरच्या पत्र्याकडे गेली. त्यावर गंजाचे डाग होते. एक डाग हुबेहूब रत्नागिरी जिल्ह्यासारखा दिसत होता, मग मी त्याच्यात आमचा तालुका शोधायला लागलो. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात कुणाची तरी कळशी गडगडत खाली आली. मी दचकलो, घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं होत होती. दांडी ओढली. "दोन," मी वर येऊन सांगितलं.

मंगळवारी काहीच विशेष झालं नाही. बुधवारी ऐन वेळेला सेक्रेटरींनी ट्रान्झिस्टर एवढ्या मोठ्याने लावला की मला शिव्याच सुचल्या. पहाटे सहाला शेतकऱ्यांसाठी हवामान! यांचं कुठे शेत आहे? चिडून उभा राहिलो, तर घड्याळात वेळ झालेलीच होती. गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "वाजले किती रे?" काकू मालवणकडच्या, त्यांचे यजमान पूर्वी कापडाच्या गिरणीत होते. त्या घरात भोंग्याच्या काळापासून सगळे घड्याळापेक्षा आधी उठायचे. त्यांना माझ्याकडून वेळ कशाला हवी होती, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी घड्याळ बघून वेळ सांगितली आणि सहज पंपही बंद केला. शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरून एक ओला टॉवेल बरोबर माझ्या डोक्यावर पडला. वरून "सॉरी हं!" असा आवाज आला. मी टॉवेल झटकला, घड्याळ बघितलं, दांडी ओढली.

"सहा," मी त्या सकाळी म्हणालो. "उद्या सात. काय म्हणतेस?"

"उद्याचं उद्या," बायको म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

त्या सहा दिवसांत मी घरात अगदी नकोसा झालो होतो. मुलीला लक्ष कसं द्यावं यावर व्याख्यान दिलं. सेक्रेटरींना जिन्यात थांबवून "टाकी कशी आहे?" असं विचारलं. ते फक्त "हूं" म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, वय झालं, झोप लागत नसेल.

शनिवारी मी स्टुलावर बसलो तो जिंकल्यासारखाच. पंप घरघरत होता. मी सोमवारचा विचार करायला लागलो. कंपनीचे डॉक्टर विचारतील, कसं वाटतंय? मी म्हणेन, एकदम झकास. मग परीक्षेचा ट्रे येईल. साहेब पाठीमागे उभे. मी एक एक कुपी काढून बाजूला ठेवतोय, ही घ्या, ही घ्या, आणि ही तुम्ही न मिसळलेली. साहेब चष्मा पुसतायत. खात्यातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्यात. टाळ्या वाजतायत. आधी थोड्या, मग जोरात, मग खूपच जोरात.

टाळ्या जरा फारच लांबल्या तेव्हा मला शंका यायला हवी होती.

"पंप!"

हा आवाज तिसऱ्या मजल्यावरून आला. "पंप, रे मेल्या, पंप! लक्ष खंय आसा तुझा?"

आणि मग सगळीकडूनच. "पंप! पंप!" "अहो साहेब, पंप!" "दांडी! दांडी ओढा!" मी वर बघितलं. प्रत्येक खिडकीत डोकं होतं. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाचा गाऊन, कुणाच्या अंगावर चादर. पहिल्या मजल्याच्या जिन्यात एक जण कळशी हातात धरून तयारच उभा होता. दुसऱ्या मजल्यावर पिळलेला टॉवेल. आणि गच्चीच्या कडेवरून पाण्याची भलीमोठी धार खाली पत्र्यावर कोसळत होती. त्याच माझ्या टाळ्या.

सेक्रेटरी गंजी आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात धावत आले, मला बाजूला सारून त्यांनी दांडी ओढली. पंप थांबला. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली. सोळा घरं माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही सगळे..." मी म्हणालो, "एवढ्या पहाटे... जागे?"

"हौस आलीय आम्हाला," सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले. "सात दिवस झाले. माझ्या आयुष्यात मी पोस्टात असतानाही एवढ्या लवकर उठलो नव्हतो. आज माझा ट्रान्झिस्टर लावायचा दिवस नव्हता, म्हणून जरा पडलो, बाकीचे एकमेकांची वाट बघत बसले, आणि हे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसायला लागली. कळशी. हवामान. वाजले किती. टॉवेल. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग समजून घेतली, आणि ती नेमकी ही होती.

वर आलो. बायकोने चहा पुढे ठेवला. मुलगी दप्तरात डोकं घालून बसली, म्हणजे तिलाही माहीत होतं.

"तू सगळ्या बिल्डिंगला सांगितलंस?"

"सगळ्यांना कशाला सांगू? फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं."

म्हणजे सगळ्या बिल्डिंगला.

लाज वाटली की मला आधी राग येतो, ही जुनी सवय. मी कप आपटला. "मग ती पैज कशाला लावलीस? मला सात दिवस त्या स्टुलावर माकडासारखं बसवून..."

"पैज तुम्ही लावलीत," ती म्हणाली. "मी सांगून तुम्हाला पटलं असतं? म्हटलं, पंपच सांगेल. पण लोकांचं पाणी वाया घालवून कसं चालेल, आणि पंप जळला तर? म्हणून त्यांना म्हटलं, जरा वाट बघा, स्वतःहून उठले तर गप्प राहा. नाही उठले तर काहीतरी पाडा."

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. त्या आठवड्याच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक फुल्या होत्या. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रविवार आणि मंगळवार कोरे. शनिवारच्या चौकोनात तिने माझ्यादेखत आणखी एक फुली मारली.

"दोन दिवस तुम्ही आपले आपण उठलात," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात एकही उठला नसतात. सुधारणा आहे. पण सातातले दोन."

मी त्या फुल्यांकडे बघत राहिलो. पंपाच्या जागी कुप्या ठेवल्या की हिशेब सोपा होता. खात्यात माझ्या पाठीमागे कळशी पाडायला कुणी उभं राहणार नव्हतं. तिथे जे सुटतं ते चमकून तळाला बसतं, आणि कुणीही खिडकीतून ओरडत नाही.

सोमवारी अंधेरीला गेलो. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, एक्स-रे उजेडाला धरला, "उत्तम" म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. पेन कागदाला लागलं होतं. मला आजही ते टोक दिसतं. त्या क्षणी माझं लक्ष कुठेही गेलं नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "सही करण्याआधी आमच्या बिल्डिंगच्या पंपाबद्दल थोडं सांगायचंय."

त्यांना वाटलं असणार की डोक्याला खरंच जबर लागलंय. पण त्यांनी ऐकून घेतलं. टॉवेलपर्यंत गंभीर होते, टाळ्यांना हसू फुटलं आणि मग त्यांनी पेन बंद केलं. दुसरा कागद काढून त्यावर लिहिलं की आणखी दोन महिने हलकं काम द्यावं, मग पुन्हा तपासणी. साहेबांनी मला खोक्यांत माहितीचा कागद घालायच्या टेबलावर बसवलं. ज्याची मला एवढी भीती वाटत होती ते हेच टेबल. तिथे मी पहिल्या दिवशी काही खोक्यांत दोन दोन कागद घातले आणि काहींत एकही नाही. शेजारची बाई म्हणाली, "असू द्या, दुखणं कागद वाचून थोडंच बरं होतं?" आणि सगळी खोकी पुन्हा उघडून नीट लावून दिली. जाताना साहेबांनी खात्याकडे बोट करून सांगितलं, "तुमची खुर्ची तिथेच आहे. घाई करू नका."

परीक्षेच्या ट्रेपुढे मी पुन्हा बसलो तोवर दिवाळी आली होती. सगळ्या शोधल्या. जास्तीची एकही नाही, आणि खरं सांगतो, तिची आठवणही झाली नाही.

पण मी सांगत होतो त्या सोमवारचं. संध्याकाळी घरी आलो. बायको ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, पेनाचं टोक, डॉक्टरांचं हसू, टेबल, दोन दोन कागद, खुर्ची तिथेच आहे. ती मान खाली घालून ऐकत होती. एका वेळी एकच काम हा नियम तिला लागू नव्हता. सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आता ही म्हणेल, शहाणपणा केलात, किंवा निदान डोळे तरी पुसेल. तिने एक खडा शोधून काढला, उजेडाला धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आता सोळाव्या आठवड्याला पुन्हा आपला नंबर येईल, तोवर मात्र नीट बरे व्हा. सगळ्या बिल्डिंगला पहाटे पाचला उठवणं मला दुसऱ्यांदा जमायचं नाही हं."